ओटा कोणाच्या उंचीचा?

घर माणूस आयुष्यात एकदाच बांधतो. पण घराची ‘थोडीशी दुरुस्ती’ आता दर दहा-बारा वर्षांनी निघू लागली आहे, आणि त्या दुरुस्तीचा पहिला घाव बहुधा स्वयंपाकघरातील ओट्यावर पडतो. चवथीला दोन महिने उरले की वाड्यावाड्यातून हातोड्यांचे आवाज ऐकू येऊ लागतात. कडप्पा जुनाट दिसतो म्हणून निघतो, त्याच्या जागी चकचकीत ग्रॅनाइट बसतो; शेगडी या टोकाची त्या टोकाला जाते; खाली सरकते खण येतात. या सर्व खटाटोपात यजमान बोलतात, ठेकेदार बोलतो, वास्तुतज्ज्ञ बोलतात, सुट्टीवर आलेले जावईबापू बोलतात, आणि सहज डोकावलेले शेजारचे गृहस्थही दोन शब्द सुनावून जातात. त्या ओट्यापाशी पुढील वीस वर्षे रोज चार-पाच तास जिला उभे राहावयाचे आहे, तिला मात्र एकच प्रश्न विचारला जातो: रंग कोणता हवा? या प्रथेविरुद्ध लिहिण्याचे आम्ही योजिले आहे, आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव आमचे स्वतःचे आहे हे आरंभीच कबूल करतो.

आमच्या घरची हकिगत अशी. वडिलांच्या वेळचा ओटा होता. विटांच्या दोन खांबांवर टेकविलेली कडप्प्याची लादी, उंची ३० इंच. आईने त्यावर पस्तीस वर्षे काढली. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघराची गळती काढण्यासाठी गवंडी आला, तेव्हा एवीतेवी घरात सिमेंट आलेच आहे तर ओटाही बदलून टाकू, असे आम्ही दिवाणखान्यात बसून ठरविले. ठेकेदाराने ३६ इंचांची उंची सुचविली. कारण विचारले तर म्हणाला, खाली तीन खण नीट बसतात आणि हल्ली सगळीकडे हीच उंची असते. ‘सगळीकडे असेच चालते’ हा युक्तिवाद न्यायालयात आम्ही कितीदा हाणून पाडला असेल याची गणती नाही. घरात तो आम्ही मुकाट्याने मान्य केला. आईची उंची ४ फूट १० इंच. नवा ओटा जवळजवळ तिच्या कोपराला लागत असे. त्यावर शेगडी ४ इंच, शेगडीवर पातेले ८ इंच. पेज ढवळावयाची तर हात खांद्याइतका वर उचलावा लागे, आणि आत काय शिजते आहे ते टाचा उंचावल्याखेरीज नीट दिसत नसे. तिने तक्रार केली नाही. जेवणाचा एक जुना पाट माळ्यावरून काढवून तो पायांखाली घेतला. त्या श्रावणातील एका सोमवारी ओल्या फरशीवरून तो पाट सरकला. पातेले सुदैवाने शेगडीवरच राहिले; आईचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर घालून तिला घरी आणल्यावर आम्ही, वकिली सवयीनेच म्हणा, तिची उलटतपासणी केली की ओटा उंच होतो आहे हे आधी का सांगितले नाहीस? ती म्हणाली, “म्हाका कोणें विचारलें?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्या हितास बाध येणार आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आम्ही कायद्याच्या पहिल्या वर्षी शिकलो. एखाद्या कारकुनाची वेतनवाढ रोखावयाची तरी त्याला आधी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर हुकूम रद्द होण्याचे भय असते. आमच्या घरात मात्र सहा इंचांचा हुकूम एकतर्फी निघाला आणि त्याची अंमलबजावणीही झाली.

वास्तुशास्त्राच्या नावाने जे चालते त्याविषयी बोलू नये, वाचक देवस्थानांशी निष्ठेने बांधलेले आहेत, ते दुखावतील, असा सल्ला आम्हांला मिळाला. आम्हीही त्याच निष्ठेचे आहोत, म्हणूनच तो मानीत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे. देवघर ईशान्येस आणि पाकगृह आग्नेयेस असावे असे तो सांगतो. वराहमिहिर सहाव्या शतकातला. आपल्या आज्या-पणज्यांपर्यंतसुद्धा चूल जमिनीवर होती आणि रांधणारी बसून रांधीत होती. उभ्याने रांधण्याचा दगडी ओटा, त्यात कापून बसविलेले सिंक, त्याखालचे खण ही आपल्या घरांत अगदी अलीकडची वस्तू आहे. त्या ओट्यावर शेगडी आणि सिंक यांत किती हातांचे अंतर असावे, ग्रॅनाइट काळा असावा की हिरवा, याचा निवाडा जो सल्लागार प्राचीन ऋषींच्या नावावर खपवितो, तो शास्त्र सांगत नाही. शास्त्राच्या नावाने बनावट दस्तऐवज तयार करतो. पूर्वेकडे तोंड करून रांधण्याची ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती अवश्य पाळावी, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु तयार घरात खिडकी, नळ आणि सांडपाण्याची मोरी यांच्या जागा आधीच ठरून गेलेल्या असतात. अशा घरात केवळ दिशेसाठी शेगडी खिडकीपासून उचलून आतल्या कोपऱ्यात नेली की उजेड पाठीमागे राहतो, रांधणारीची सावली तिच्याच पातेल्यात पडते, आणि फोडणीचा धूर बाहेर जाण्याऐवजी देवघरापर्यंत जातो. सिंक मोरीपासून दूर नेले की नळीचा उतार कमी होतो; मग भाताची शिते आणि नारळाचा चोथा तीत बसतो, व पावसाळ्यात ते स्वयंपाकघर कसे दरवळते हे आम्ही एका अशिलाच्या घरी अनुभवले आहे. त्या गृहस्थांनी सल्लागारास दिलेली दक्षिणा प्लंबरच्या बिलाहून अधिक होती.

ही उभ्याची पद्धत आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट नगरीत मोठ्या प्रमाणावर घरे बांधली जात होती, तेव्हा मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने त्यांच्यासाठी एक लहानसे, भिंतीत बसविलेले स्वयंपाकघर आखले. कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजीत तशा तिने रांधणारीच्या हालचालींचा विचार केला. सुमारे १०,००० घरांत ते बसले, आणि आजच्या ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघराचे ते पूर्वज समजले जाते. मात्र तिच्या योजनेतील एक वस्तू नक्कल करताना वाटेत गळाली. खिडकीखालच्या कामाच्या फळीपाशी तिने एक फिरते स्टूल ठेवले होते. भाजी चिरणारी बसून चिरील, असा तिचा हिशेब. आपण ओटा उचलला, खण उचलले, आणि स्टूल तेवढे तिकडेच ठेवले.

यावरून, जमिनीवरची चूल हीच बरी होती असा अर्थ कोणी काढू नये. पाटावर बसून, फुंकणीने फुंकून, धुराने डोळे अधू करून घेतलेल्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. गुडघे धरले की भिंतीला हात लावून त्या उठत. त्या चुलीपुढचे मांगल्य ज्यांना फार आठवते ते बहुतेक जेवावयास बसणारे होते.

मग उंची ठरवावी कशी? यात गूढ काहीच नाही. जिने काम करावयाचे तिला घरात जशी वावरते तशी, अनवाणी तर अनवाणी, सपाट जमिनीवर सरळ उभी करावी, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावावी. चिरण्या-निवडण्याची जागा त्याहून ४ ते ६ इंच खाली असावी. पीठ मळणे, पोळ्या लाटणे यांत खांद्यांचा भार लागतो, म्हणून ती जागा आणखी थोडी खाली. शेगडीच्या ठिकाणी शेगडीची व नित्याच्या भांड्याची उंची हिशेबात धरून ओटाच उतरवावा, म्हणजे भांड्याचे तोंड कोपराच्या फार वर जात नाही. सिंकचे उलट, तेथे काम तळाशी चालते, म्हणून त्याचा काठ किंचित उंच असेल तर कंबर वाकत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३८ इंचांवर येते. तिचा ओटा ३२ ते ३४ इंच. आमच्या सौभाग्यवतीची उंची साडेपाच फूट. तिचे कोपर ४१ इंचांच्या वर, म्हणून ठेकेदाराचे ३६ इंच तिला बरोबर मानवतात. तेव्हा दोष ३६ या आकड्यात नव्हता. दिवसभर त्या ओट्यापाशी कोण असते, हा प्रश्नच कोणी केला नाही, त्यात होता. सौभाग्यवती नोकरीवरून सहाला परत येते. सकाळची पेज, दुपारचे जेवण, नैवेद्य, सगळे आईच्या हातचे. आणि खरे म्हणजे सौभाग्यवतीलाही आम्ही विचारले नव्हतेच. तिला उंची मानवली हा निव्वळ योगायोग.

काही गृहस्थ म्हणतील, आम्ही विचारले होते, पण ‘तुम्हांला बरे दिसेल तसे करा’ असे उत्तर आले. मग दोष कोणाचा? भारतीय करार कायदा, १८७२, याच्या १३ व्या कलमात संमतीची व्याख्या आहे: दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली पाहिजे. यजमानांच्या मनात ओटा म्हणजे चकाकी आणि चौरस फुटाचा दर. तिच्या मनात ओटा म्हणजे मनगट, कंबर आणि पातेल्याचे तोंड. ठेकेदाराच्या कागदावर दगडाची जात असते, कडेच्या गोलाईचा दर असतो. उंचीचा रकाना आम्ही पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हता. तो कागद पुढे सरकवून ‘चालेल ना?’ असे विचारणे ही संमती घेण्याची रीत नव्हे. विटा रचून त्यांवर दोन दिवस फळी टाकावी, तिला तिच्यावर नारळ फोडू द्यावा, भाजी चिरू द्यावी, आणि मग विचारावे. विटा दोन कमी-जास्त करावयास काही पडत नाही. बसलेला दगड खाली घ्यावयाचा तर तो बहुधा फुटतोच. उंच करणे सोपे, खाली आणणे कठीण, हे ओट्याच्या बाबतीत ज्याने त्याने आधी लक्षात ठेवावे.

गोमंतकात तर ही गोष्ट अधिकच लाजिरवाणी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली, आणि तिच्यातून चालत आलेल्या नियमानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते. निम्मा वाटा पत्नीचा. तिच्या सहीवाचून घर विकता येत नाही. हा नियम मुक्तीनंतरही टिकला, आणि बाहेरून आलेल्या वकिलांपुढे आम्ही तो मोठ्या अभिमानाने मिरवितो. आमची आई ज्या घरात पाटावर चढून पेज ढवळीत होती, त्या घराच्या अर्ध्या भागाची ती कायद्याने मालकीण आहे. घर विकावयाचे असते तर दस्तावर तिची सही घ्यावी लागली असती. ओटा फोडण्यास मात्र सही लागत नाही.

उंचीइतकीच उपेक्षा कडेची होते, आणि आमच्या नारळाच्या मुलखात ती फार नडते. पूर्वी आदोळीवर बसून नारळ किसला जाई. ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत त्या ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळण्याची किसणी वापरतात. त्यासाठी दगड खालच्या खणांच्या पुढे दीड-दोन इंच आलेला असावा लागतो आणि कड स्क्रूच्या जबड्यात मावेल इतकी पातळ असावी लागते. पण हल्ली शोभेसाठी दोन दगड एकावर एक चिकटवून जाड गोल कड काढतात आणि खणांची दारे तिच्याशी अगदी मिळवून बसवितात. तेथे किसणी बसतच नाही. मग रोजचा नारळ किसावयाचा कोठे? हा प्रश्न फर्निचरच्या दुकानातील नकाशात कोणी मांडलेला आम्हांला आढळला नाही. तीच गत दगडाच्या निवडीची. पांढराशुभ्र संगमरवर छायाचित्रात फार सुंदर दिसतो. पण त्याला आंबट सोसत नाही. लिंबाचा थेंब, चिंचेचा कोळ, आमसुलाचे पाणी यांनी त्याची झिलई खाल्ली जाते. कडप्पाही मुळात चुनखडीचाच, पण तो डाग मिरवीत नाही. ज्या घरात सोलकढी रोजची, त्या घराने संगमरवराचा ओटा बांधावा हे आम्हांला तरी कळत नाही.

येथे एक गोष्ट त्या दुसऱ्या माणसाबद्दल, ज्याला आपण तितकेच कमी विचारतो. सिंकसाठी दगड कापणारा मेस्त्री बंद खोलीत कोरड्या यंत्राने दगड कापतो, तेव्हा जो पांढरा धूर उठतो त्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसे कायमची निकामी होतात. हल्ली दुकानांत मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिका फार मोठ्या प्रमाणात असते. ऑस्ट्रेलियाने अशा कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. आपल्याकडे निदान एवढे तरी करावे की कापणी अंगणात, पात्यावर पाणी सोडून व्हावी, आणि ती अट कागदावर लिहून त्याचे पैसे द्यावेत. ओली कापणी घाण करते म्हणून यजमानीण नको म्हणते, हेही आम्ही ऐकले आहे. अंगण धुता येते.

आता देवस्थानाकडे वळतो, कारण घरातला दोष तेथे मोठ्या आकारात दिसतो. फोंडा महालातील आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांत समाराधनेची जेवणे होतात, जत्रेच्या दिवसांत शेकडो पाने उठतात. एका देवस्थानच्या अग्रशाळेचे स्वयंपाकघर अलीकडे नवे करण्यात आले. महाजनांच्या सभेत आम्ही स्वतः हजर होतो. ग्रॅनाइटच्या रंगावर पाऊण तास चर्चा झाली, देणगीदारांच्या नावाची पाटी कोणत्या भिंतीला लावावी यावर त्याहून अधिक. ओटा घरातल्यासारखा ३४ इंचांचा ठरला, एकमताने, आमच्या मतासह. सभेत एकही बाई नव्हती, आणि अग्रशाळेत वर्षानुवर्षे रांधणारा आचारी बाहेर चहाची तयारी करीत होता. त्याला आत बोलवावे असे कोणाला सुचले नाही.

समाराधनेच्या खतखत्याचा हंडा दोन फूट उंच असतो. ३४ इंचांच्या ओट्यावर अर्ध्या फुटाची शेगडी, तीवर हा हंडा. त्याचे तोंड जमिनीपासून ६४ इंचांवर जाते. आचारी असेल पाच फूट चार इंचांचा. म्हणजे उकळत्या हंड्याचे तोंड त्याच्या डोक्याच्या टोकाशी. पहिल्याच समाराधनेला तो स्टुलावर उभा राहून डाव फिरवीत होता. दुसऱ्या समाराधनेला त्याने शेगड्या खाली उतरविल्या आणि अंगणाकडच्या पडवीत जमिनीवर, पूर्वी होत्या तेथेच, मांडल्या. देणगीदारांच्या पैशाच्या त्या ओट्यावर आता पत्रावळी आणि रिकामी तेलाची पिंपे रचून ठेवलेली असतात. कोणी विचारलेच तर समितीचे सदस्य सांगतात की आचारी जुन्या वळणाचा आहे, त्याला सुधारणा नको असते. हे वाक्य आम्हांला सहन होत नाही. तो माणूस सुधारणेच्या विरुद्ध नाही. तोंडावर उकळते खतखते ओतून घेण्याच्या विरुद्ध आहे. त्याला १४-१५ इंचांचा रुंद, दणकट चौथरा हवा होता, हंडा उतरविताना चौघांना चारी बाजूंनी फिरता येईल असा. हे त्याने आम्हांला दोन मिनिटांत सांगितले, हाताने उंची दाखवून. सभेत ती दोन मिनिटे काढता आली असती.

आमच्या घरचा ओटा गेल्या फाल्गुनात पुन्हा फोडला. ग्रॅनाइटचा एक तुकडा वाचला, दुसरा सिंकच्या कोपऱ्यापासून तडकला. तेथे दगड काटकोनात कापला होता, गोल कापावयास हवा होता. आता शेगडीची बाजू २६ इंचांवर आहे, तिच्या शेजारी आईसाठी चिरण्याची जागा ३२ वर, आणि सिंककडचा भाग सौभाग्यवतीच्या मापाने ३६ वर तसाच ठेवला आहे. पाहुण्यांना तो पायऱ्यांसारखा दिसतो, आणि एका सल्लागाराने त्यात दोषही काढला. गवंड्याने पेन्सिलीने खूण करण्याआधी आईला भिंतीशी उभे केले, तेव्हा तिने मनगट फिरवून पाहिले आणि म्हणाली, आणखी दोन बोटे खाली. त्याने दोन बोटे खाली घेतले.

१९३३ सालच्या देवस्थान कायद्याखाली चालणाऱ्या आमच्या महाजनांच्या पुढील सभेसाठी आम्ही एक ठराव लेखी पाठविला आहे: अग्रशाळेच्या पाकगृहातील कोणत्याही कामाची निविदा काढण्यापूर्वी आचाऱ्याला व तेथे काम करणाऱ्या बायांना सभेत बोलावून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. चिटणीसांनी तो पोहोचल्याची पावती दिली आहे. विषयपत्रिकेवर तो अजून आलेला नाही.